रोल धुवायचा आहे

कॅमेऱ्याचा न धुतलेला रोल ज्या घरात सापडतो, त्या घरातील प्रत्येकाला त्यात काय आहे हे आधीपासूनच ठाऊक असते. आमच्या आजोळची ठाण्याच्या नौपाड्यातील इमारत पुनर्विकासाला निघाली आणि माळा रिकामा करताना एका पत्र्याच्या डब्यातून काळ्या प्लॅस्टिकचे, दोन्ही टोकांना फुगीर असे एक कार्ट्रिज बाहेर आले. थोरला मामा बोटीवर नोकरीला होता आणि त्याने परदेशातून इन्स्टामॅटिक कॅमेरा आणला होता, हे सर्वांना आठवत होते. मावशीने ताबडतोब जाहीर केले की त्यात तिच्या डोहाळजेवणाचे फोटो आहेत. तलावपाळीवर मित्राच्या लॅम्ब्रेटाला टेकून काढलेला आपला फोटो त्यात नक्की असणार, असे धाकट्या मामाने सांगितले. मामींनी माथेरानचा पक्ष धरला. मी मध्ये बोललो नाही, त्यामुळे रोल धुऊन आणण्याचे काम माझ्याकडे आले.

गोखले रोड आणि राम मारुती रोडवर फोटो स्टुडिओ आजही आहेत. तेथे पासपोर्ट फोटो मिळतो, आधार कार्डाला लॅमिनेशन करून मिळते, नातवाचा चेहरा चहाच्या मगावर छापून मिळतो. रोल धुवायचा आहे असे म्हटल्यावर मात्र काउंटरवरचा मुलगा क्षणभर माझ्या कपड्यांकडे पाहतो. एकाने कार्ट्रिज कानाशी हलवून पाहिले आणि गाणी कोणती आहेत, असे अदबीने विचारले. दुसऱ्याने यातले फोटो आपल्याला व्हॉट्सॲप करता येतील का, असा उलटा प्रश्न केला. एका ठिकाणी ‘लॅबला पाठवतो’ म्हणून रोल ठेवून घेण्यात आला आणि बऱ्याच काळाने तो त्याच दुकानाच्या खणात, स्टेपलर आणि रबर स्टॅम्प यांच्या सहवासात, जसाच्या तसा सापडला. न धुतल्याबद्दल त्यांनी पैसे घेतले नाहीत, हे येथे कृतज्ञतेने नोंदवतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि तेव्हापासून ठाण्यात अडलेले प्रत्येक काम उलट दिशेने बोरीबंदरला गेल्यावरच सुटते, अशी आमच्याकडील ज्येष्ठांची समजूत आहे. त्यानुसार मी स्टेशनसमोरच्या बोरा बाजारात गेलो. तेथील एका जुन्या कॅमेरा-विक्रेत्याने कार्ट्रिज हातात घेताच ‘एकशे सव्वीस!’ असा उद्गार काढला आणि मला भरून आले. इतक्या दिवसांत त्या वस्तूला नावाने हाक मारणारा हा पहिलाच मनुष्य होता. त्यांनी स्टुलावर बसवून मला सगळा इतिहास सांगितला. कोडॅकने हे कार्ट्रिज १९६३ मध्ये बाजारात आणले. ते कॅमेऱ्यात नुसते टाकायचे. रोल ओवायचा नाही, संपल्यावर उलटा गुंडाळायचा नाही. रोल घालताना तो उन्हात उघडून बसणाऱ्या मंडळींसाठीच ही सोय होती आणि १९७० पर्यंत इन्स्टामॅटिक जातीचे पाच कोटींहून अधिक कॅमेरे विकले गेले. आमचा रोल मात्र कोडाकलर-एक्स या जुन्या रंगीत फिल्मचा निघाला. त्याला धुण्याची सी-२२ ही प्रक्रिया लागते. १९७२ पासून तिची जागा सी-४१ ने घेतली आणि सी-२२ ची रसायने बाजारातून गेली. जुनी प्रक्रिया सुमारे २४ अंशांवर चालते, नवी जवळजवळ ३८ अंशांवर. नव्या रसायनात जुना रोल टाकला, तर वरचा जिलेटीनचा थर मऊ पडून सुटण्याची भीती असते, म्हणजे मावशीचे डोहाळजेवण मोरीतून वाहून जाणार. आता हा रोल फक्त कृष्णधवल धुता येईल, आणि तोही कोणी हौशी मनुष्य भेटला तर, असे सांगून त्यांनी कॅमेरा विकायचा आहे का, याची चौकशी केली.

अमेरिकेतील भाच्याने फोनवर माझे सांत्वन केले. तुझे नशीब म्हणून तो कोडाक्रोम नाही, असे तो म्हणाला. कोडाक्रोम ही कोडॅकचीच दुसरी रंगीत फिल्म; ती धुण्याची के-१४ प्रक्रिया करणाऱ्या शेवटच्या लॅबने, म्हणजे कॅन्ससमधील पार्सन्स गावच्या लॅबने, २०१० च्या अखेरीस रोल स्वीकारणे थांबवले. दुसऱ्याचे अधिक वाईट झाले आहे हे ऐकून मराठी माणसाला जेवढे बरे वाटते, तेवढे मलाही वाटले.

हौशी मनुष्य अखेर कोपरीत भेटला, म्हणजे ज्या ठाण्यातून मी निघालो त्याच ठाण्यात, रुळांच्या पलीकडे. हे गृहस्थ एका लॅबमधून निवृत्त झालेले असून डी-७६ हा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन, ते घरीच बनवतात. त्याला एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम लागतो. यातील टाकणखारच तेवढा त्यांच्या पत्नीच्या ओळखीचा असल्याने त्या केवळ त्याच्याच मापावर देखरेख करतात. रोल माळ्यावर होता हे मी सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलवली. ठाण्याचे कितीतरी उन्हाळे पत्र्याच्या डब्यात काढल्यावर फिल्मवर धुके, म्हणजे सगळीकडे करडी झाक, चढते, पावसाळ्यात जिलेटीनला बुरशी लागते आणि प्रकाशाचा उमटलेला ठसा हळूहळू विरत जातो. धुके आवरण्यासाठी त्यांनी बेंझोट्रायझोल नावाचे औषध चिमूटभर घातले. रुग्ण वाचेलच असे नाही, असे डॉक्टर ज्या स्वरात सांगतात, त्या स्वरात त्यांनी मला बाहेर बसण्यास सांगितले.

पुढचा कार्यक्रम न्हाणीघरात, मिट्ट काळोखात झाला. रंगीत फिल्मला तांबडा दिवासुद्धा चालत नाही, त्यामुळे कार्ट्रिज फोडणे, कागदी पाठ सोडवणे आणि फिल्म रिळावर चढवणे ही कामे चाचपडतच करावी लागतात. ही फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीचीच असते, म्हणून नेहमीचे रीळ चालते. कालबाह्य वस्तूने केलेली ही एकमेव मेहरबानी. दाराच्या फटींत टॉवेल कोंबले होते. नेमक्या त्याच वेळी नळाला पाणी आले, बाहेरून ‘पिंप भरायचे आहे’ असा पुकारा झाला आणि आतून ‘दार उघडलेस तर पन्नास वर्षे फुकट जातील’ असे उत्तर आले. पिंप भरले गेले नाही. अशा त्यागांची नोंद छायाचित्रणाच्या इतिहासात कोठेच होत नाही.

बारापैकी पाच चौकटींवर काहीतरी उमटले होते. पण निगेटिव्ह नारिंगी-तपकिरी होती आणि डोळ्यांनी फारसे काही कळत नव्हते, म्हणून ती स्कॅनिंगसाठी एका दुकानात दिली. तेथील फिल्म धरण्याच्या पट्टीची खिडकी नेहमीच्या ३५ मिलिमीटर फोटोसाठी, म्हणजे २४ बाय ३६ च्या मापाची होती. आमची चौकट जवळजवळ २८ मिलिमीटर चौरस. त्यामुळे प्रत्येक फोटोत वरून सर्वांची डोकी गेली, खालून पावले गेली आणि मोकळ्या राहिलेल्या बाजूने शेजारच्या फोटोतील कोणाचा तरी हात आत आला.

डोकी नसल्यामुळे घरात कमालीचे एकमत झाले. मावशीला नऊवारीतील बायका दिसल्या, म्हणजे डोहाळजेवण. धाकट्या मामाने आत आलेला हात आपलाच असल्याचे मनगटी घड्याळावरून सिद्ध केले. मामींना एका कोपऱ्यातील फांदीत माथेरान सापडले. हे असेच ठेवावे, असे मला मनापासून वाटत होते. परंतु कोपरीच्या गृहस्थांना ही कापाकापी सहन होईना. त्यांनी निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवली, कॅमेऱ्याने तिचे पूर्ण चौरस फोटो घेतले, रंग उलटे केले आणि धडांवर डोकी परत आली.

त्यांतले एकही डोके आमच्या घरातले नव्हते. ते बारसे होते, समोरच्या बिऱ्हाडातले. त्या काळी वाड्यात एकाकडे कॅमेरा असला की तो सर्वांचा असे, आणि थोरला मामा नाही म्हणणाऱ्यांतला नव्हता. मावशीने फोटो पुष्कळ वेळ निरखला आणि शेवटी म्हणाली, ‘माणसे त्यांची असतील, पण पाळणा आपला आहे.’

बारशातील बाळ सध्या नेरुळला राहते आणि निवृत्तीला आले आहे. शोध काढून मी त्यांना फोटो पाठवले. त्यांनी आईला इतक्या तरुणपणी प्रथमच पाहिले, असे सांगितले, वारंवार आभार मानले आणि मग उरलेले सात फोटो कधी पाठवता, असे विचारले. उन्हाळे, धुके, बुरशी, सी-२२ असे सर्व मी क्रमाने समजावले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि रोल जरा चांगल्या ठिकाणी द्यायला हवा होता, असे नम्रपणे सुचवले. मावशीचे म्हणणे असे की, धुण्याचा अर्धा खर्च आता त्यांच्याकडून घ्यावा आणि त्याच फोनवर पाळणा परत केला होता का, तेही विचारावे.