माशांचा शिधा

आमच्या घरात मासे कोणी खात नाही. त्यामुळेच बहुधा ते पाळायला कोणाची हरकत निघाली नाही. चिरंजीवांच्या हट्टापायी सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत तीन गोल्डफिश आले आणि वेगळ्या छोट्या टाकीत एक फायटर. फायटरचं शेजाऱ्यांशी पटत नाही, म्हणजे तसा तो पेठेतलाच.

"खाणं कुठलं देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"माशांचं," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग समजलं, की गोल्डफिशला बुडणारे दाणे बरे, कारण तरंगणारे खाताना तो हवाही गिळतो. फायटरचं तोंड वरच्या बाजूला, त्याला तरंगणारेच हवेत, आणि तेही बारीक. शिवाय तो मांसाहारी! त्याला अधूनमधून ब्लडवर्म.

गोल्डफिशच्या दाण्यांची पन्नास ग्रॅमची डबी होती आणि किलोची पिशवीही. पिशवी ग्रॅममागे निम्म्या भावात पडत होती. किलो घेतला. घरी येऊन हिशेब केला, तर तिघे मिळून दिवसाला जेमतेम एक ग्रॅम खातात. म्हणजे हजार दिवस, पावणेतीन वर्षं! पण पिशवी एकदा फोडली की दाण्यांतलं क जीवनसत्त्व उडतं, तेल खवट होतं, माल काही महिन्यांत संपवायचा. त्यात जुलै महिना. आठवड्याभरात वरच्या दाण्यांचा चिक्कीसारखा गठ्ठा झाला. चूक माझीच: मी पिशवी टाकीवर धरून ओल्या बोटांनीच चिमूट काढत होतो. उरलेले दाणे मग घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवले. आमचे पोहे अजून कोपऱ्यातल्या गळक्या डब्यातच आहेत.

खरा पेच ब्लडवर्मचा. गोठवलेल्या लालभडक वड्या, म्हणजे फ्रीजर आलाच. आणि फ्रीजर आईचा. जानेवारीत सोललेले वर्षभराचे मटार, खवलेला नारळ... मी पाकीट मटारांच्या खाली सारलं. चौथ्या दिवशी हाक आली, "हे कोकमाचं आगळ कधी आणलंस रे? सोलकढी करते."

ते किडे नसून डासासारख्या माशीच्या अळ्या आहेत, हे शास्त्रीय सत्य मी सांगून पाहिलं. त्याने परिस्थिती सुधारली नाही.

पाकीट वाचलं ते एका गोल्डफिशमुळे. जास्त खाऊन तो फुगला आणि तिरका पोहायला लागला. दुकानदार म्हणाला, "एक दिवस उपाशी ठेवा, मग उकडलेला मटार सोलून द्या."

"लंघन आणि मटार?" आईचा चेहरा उजळला. "हा आपल्यातला आहे!"

मासा सरळ झाला. आता दर एकादशीला आई स्वतःच्या साठ्यातला मटार उकडते, साल काढून बोटाने चुरते आणि टाकीत सोडते. परवा तिने एक तुकडा फायटरलाही घालून पाहिला. त्याने तो तोंडात घेतला आणि फू करून थुंकला.

"बाहेरच्या खाण्याची चटक लागली, की असंच होतं," आई म्हणाली. बघत मात्र माझ्याकडे होती.