ताटलीवर नाव कुणाचं?

क्रिप्टोचं, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनाचं, वॉलेट उघडलं की ते किल्ली म्हणून बारा इंग्रजी शब्द देतं आणि दम भरतं : कागदावर लिहा, फोटो काढू नका, कुणाला दाखवू नका. शब्द हरवले तर पैसे गेले. दुसऱ्याला सापडले तरी गेले. आमच्या कपाटातल्या कसरीने लग्नपत्रिकासुद्धा सोडली नाही, तिथे हा कागद काय टिकणार? जाणकार म्हणतात, स्टीलवर कोरा. त्यासाठी खास पट्ट्या मिळतात, पण त्यांची किंमत माझ्या वॉलेटातल्या ऐवजाहून जास्त. म्हणून काल भांड्यांच्या दुकानात ताटली घेतली. नाव फुकट घालून मिळतं.

"बोला, काय नाव?" मशीनवाला म्हणाला.

"मशीन द्या, मीच घालतो. तुम्ही जरा तिकडे बघा."

त्याने मशीन पोटाशी धरलं. शेजारी हळदीकुंकवाच्या एक्कावन्न वाट्या घेऊन बसलेल्या काकू सरसावल्या.

"स्मरणार्थ का? कोण गेलं?"

"कुणी नाही. गुप्त आहे."

"गुप्तदान? मग कोरायचं कशाला?"

दुकानातला पोऱ्या हसला. मी घाईघाईने म्हणालो, वॉलेट ज्या यादीतून शब्द देतं तिच्यात शब्दच 2048, पहिल्या चार अक्षरांवरून कुठलाही ओळखता येतो, तेवढीच घालीन, पाच मिनिटं लागतील.

"चार अक्षरांत माहेरचं बसेल की सासरचं?" काकू म्हणाल्या. "अहो, आमची परात वर्षभर शेजारी होती. नाव होतं म्हणून परत आली. तुमचं हे कुणाकडे गेलं तर तुमचं म्हणून ओळखणार कसं?"

नाहीच ओळखणार! ज्याच्याकडे शब्द त्याचा माल. जुलै 2024 मध्ये इथल्याच एका एक्स्चेंजमधून, म्हणजे क्रिप्टोच्या बाजारातून, लोकांनी तिथेच ठेवलेलं सुमारे 2 हजार कोटी रुपयांचं क्रिप्टो चोरीला गेलं. म्हणूनच तर आपला ऐवज आपल्याच वॉलेटात ठेवायचा आणि असा भांड्यांच्या दुकानात अपमान करून घ्यायचा. सरकारला मात्र माझं नाव बरोबर ठाऊक. 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर, विकताना 1 टक्का टीडीएस, आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करायचा नाही. नफ्यात भागीदार, राखणीला मी एकटा! हे सगळं मी काकूंना सांगितलं, जरा चढ्या आवाजातच.

काकू मशीनवाल्याकडे वळल्या. "आधी माझ्या वाट्या घ्या. यांचं घरात अजून ठरलेलं दिसत नाही."

तो मान हलवून मला म्हणाला, "साहेब, तोवर नुसतं 'यांजकडून' घालून ठेवू का?"