मैल नकोत, गडगे मोजा

इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी घरी उन्हाळ्यात पाहुणे आले की एक तरी रविवार "चला, जरा निसर्गात जाऊन येऊ" असा उगवतोच. पाहुण्यांत साधारण चार प्रकार असतात. गुडघ्यांची तक्रार असलेले काका, बाबागाडीतलं सव्वा वर्षाचं नातवंड, साडीवर स्पोर्ट्स शूज घालून रोज बागेला फेऱ्या मारणाऱ्या काकू, आणि "कळसूबाई आम्ही रात्री चढलोय" हे वाक्य खिशात घेऊन फिरणारा मेहुणा. या चौघांना डार्बीशायरमध्ये एकत्र चालवून, भांडण न होता, उजेडी परत आणणं हे लग्नात पंगत सांभाळण्याच्या तोडीचं काम आहे, असं माझं मत आहे.

सगळा घोटाळा माहितीपत्रकापासून सुरू होतो. त्यावर लिहिलेलं असतं: सोपी वाट, ४ मैल, किंचित चढउतार, क्वचित चिखल. यातला मैलांचा आकडा तेवढा खरा असतो आणि नेमका तोच कुचकामी. कालव्याकाठचे ४ मैल काका गप्पा मारत चालतील. कुरणांतून जाणारा एकच मैल, त्यात नऊ कुंपणं, आणि काका तिसऱ्या कुंपणावर "तुम्ही या जाऊन, मी बसतो इथे" म्हणतील. बसायला तिथं काहीच नसतं. शिवाय इंग्रज माणूस आपणहून "क्वचित चिखल" म्हणाला, तर घोटे बुडणार हे गृहीत धरावं.

म्हणून मी सांगतो, आधी नकाशा घ्या. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर, १:२५,०००, म्हणजे कागदावरचे ४ सेंटिमीटर जमिनीवर १ किलोमीटर. डार्बीशायरच्या डोंगराळ भागाला दोन लागतात: उत्तरेकडच्या डार्क पीकला ओएल १, दक्षिणेकडच्या व्हाइट पीकला ओएल २४. त्यावर हिरवी तुटक रेघ दिसते ती लोकांच्या हक्काची वाट. तिला छेदणाऱ्या बारीक काळ्या रेघा म्हणजे शेतांच्या हद्दी, आणि इथं हद्द म्हणजे बहुधा गडगा. कोकणात असतो तोच, चुना-सिमेंटाशिवाय रचलेला, फक्त दगड जांभा नसून चुनखडी किंवा वालुकाश्म. हिरवी रेघ काळीला जितक्या वेळा कापते, तितक्या वेळा काकांना काहीतरी ओलांडायचं आहे. काय ओलांडायचं ते नकाशा सांगत नाही. पेन्सिल घेऊन मोजा. १:५०,००० चा लँडरेंजर नकाशा या कामी घेऊ नका. त्यावर शेतांच्या हद्दीच नसतात, त्यामुळे प्रत्येक वाट गुळगुळीत दिसते.

एक युक्ती मात्र आहे. हिरवे तुकडे आखूड असतील तर ती फक्त पायी चालणाऱ्यांची वाट, लांब असतील तर घोड्यांनाही परवानगी असलेली. घोड्याला कुंपणावरून चढवता येत नाही, म्हणून तिथं फाटक असतं. काकांच्या गुडघ्यांसाठी इंग्लंडात कुणी काही केलं असेल तर ते घोड्यांनी. मात्र पावसाळी आठवड्यानंतर त्याच घोड्यांच्या टापांनी वाटेचा लगदा झालेला असतो, तेव्हा बाबागाडीवाल्यांनी आनंद आवरावा. वाटेवरच्या खांबांवरही रंग असतात: पिवळा बाण पायवाटेचा, निळा घोडेवाटेचा.

आता ओलांडायच्या वस्तूंकडे येऊ. लाकडी स्टाइल म्हणजे कुंपणाला दोन आडव्या फळ्या आणि धरायला एक खांब. पावसात या फळ्या निसरड्या होतात; काही ठिकाणी त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकलेली असते, ती पकड देते आणि साडीही धरून ठेवते. उतरताना नेहमी पाठमोरं उतरावं, तोंड कुंपणाकडे. काका हे ऐकत नाहीत, पुढे तोंड करून उतरतात आणि सगळं वजन त्याच दुखऱ्या गुडघ्यावर घेतात.

दुसरा प्रकार खास डार्बीशायरचा: दोन उभ्या शिळा आणि मध्ये चिंचोळी फट. मेंढी अडावी म्हणून ती खाली गुडघ्यापाशी सगळ्यांत अरुंद असते. माणूस एकेक पाय उचलून आडवा सरकतो. पाठीवरची सॅक आधी काढून पलीकडे टाकावी, नाहीतर माणूस निघतो आणि सॅक अडते. सडपातळ मेहुणा जातो, मेंढीचं कोकरूही जातं. दिवाळीचा फराळ अंगी लागलेल्या माणसाने आधी अंदाज घ्यावा. बाबागाडीचा तर प्रश्नच नाही.

तिसरं किसिंग गेट. इंग्रजी यूच्या आकाराचा कठडा आणि त्यात इकडून तिकडे झुलणारं फाटक. आत शिरायचं, कोपऱ्यात अंग चोरायचं, फाटक आपल्या अंगावरून मागे ढकलायचं, बाहेर पडायचं. माणसाला वळता येतं, गाईला येत नाही, एवढंच त्याचं शास्त्र. बाबागाडीला गाईच्या बाजूचं धरा. इथं क्रम महत्त्वाचा: आधी एक मोठं माणूस पलीकडे, मग त्याच्या हाती बाळ, मग घडी घातलेली गाडी कठड्यावरून, शेवटी डायपरची पिशवी. गाडी आधी आणि बाळ नंतर असं केलंत, तर अलीकडच्या एकट्या माणसाच्या कडेवर बाळ, खांद्यावर पिशवी आणि समोर फाटक.

काही किसिंग गेटं रुंद असतात आणि त्यांना एक कुलूप असतं. ते रडार किल्लीने उघडतं आणि मग व्हीलचेअर सरळ पार होते. हीच जाडजूड किल्ली देशभरातली अपंगांसाठीची कुलूपबंद स्वच्छतागृहंही उघडते. घरात व्हीलचेअर असेल तर ही किल्ली पासपोर्टाच्या शेजारी ठेवावी.

ओलांडून झालं की पलीकडे गुरं. फाटकापाशी सगळ्यांत जास्त चिखल का, याचं उत्तर तीच. चारा-पाण्यासाठी तिथंच घोळका करतात. वळूचा कायदा वाचण्यासारखा आहे. १९८१ सालच्या कायद्यानुसार, सार्वजनिक वाट जाते त्या कुरणात दहा महिन्यांवरचा दुभत्या जातीचा वळू सोडायला बंदी आहे. जातीही ठरवून दिल्या आहेत: जर्सी, गर्न्सी, फ्रिजियन, होल्स्टीन, आयरशायर, डेअरी शॉर्टहॉर्न आणि केरी. इतर जातींचा वळू चालतो, मात्र सोबत गाई किंवा कालवडी हव्यात. त्या असल्या की तो शांत राहतो असा समज आहे. म्हणजे समोर दिसणारा प्राणी बेकायदा आहे की कायदेशीर, हे ठरवायला त्याची जात, वय आणि कौटुंबिक परिस्थिती माहीत असावी लागते. बारामतीकडचा माणूस जर्सी लांबून ओळखेल. पुण्याच्या माणसाने लांबून वळसा घालावा. खरी भीती वासरं असलेल्या गाईंची, विशेषतः कुत्रा बरोबर असेल तर. गाय आणि वासराच्या मधून जाऊ नये, आणि गाई अंगावर आल्याच तर कुत्र्याची दोरी सोडून द्यावी. तो पळतो, आपल्याला तेवढं पळता येत नाही.

हे सगळं टाळायचं असेल तर जुने रेल्वेमार्ग. मॉन्सल ट्रेल साडेआठ मैलांचा, १९६८ साली बंद पडलेल्या लाइनीवरचा. २०११ मध्ये त्यावरचे बोगदे खुले झाले आणि मग तो सलग सपाट झाला. रेल्वे आली तेव्हा लेखक जॉन रस्किन चांगलाच संतापला होता: बक्स्टनचे मूर्ख आता अर्ध्या तासात बेकवेलला पोचणार, आणि तिथले इकडे, असा त्याचा त्रागा. आज त्याच रेल्वेच्या पुलावरून व्हीलचेअरही आरामात जाते. फक्त सुरुवात मॉन्सल हेडच्या दृश्यापासून करू नका. दृश्य अप्रतिम आहे, पण ट्रेल तिथून खूप खाली आहे आणि उतरणं चांगलंच खडं. बेकवेल गावातूनही स्टेशनापर्यंत चढ लागतो. ट्रेलवरच्याच हॅसप किंवा मिलर्स डेलला गाडी लावा. बोगद्यात भर जुलैतही गारठा आणि वरून ठिबक, म्हणून काकूंची शाल हाताशी हवी; अंधार पडल्यावर आतले दिवे नसतात, हेही ध्यानात ठेवा.

"रेल्वेची वाट म्हणजे सपाट" हा नियम हाय पीक ट्रेलवर तोंडावर आपटतो. क्रॉमफर्डकडून सुरू केलात तर मिडल्टनपर्यंतचे चढ सुमारे आठास एक आहेत, म्हणजे आठ फूट पुढे गेलं की एक फूट वर. १८३० च्या सुमारास तिथं मालाच्या वाघिणी (रेल्वेचे डबे) दोराने ओढून घेत; त्यासाठीचं वाफेचं इंजिनघर मिडल्टन टॉपला अजून उभं आहे. बाबागाडी ढकलणाऱ्याला ते इंजिन बंद का केलं असा प्रश्न पडतो. त्यापेक्षा क्रॉमफर्डलाच राहून कालव्याकाठी हाय पीक जंक्शनपर्यंत मैलभर जावं. गडगा नाही, चढ नाही, दोन्ही टोकांना स्वच्छतागृह. उघडं पाणी शेजारी असतं, एवढ्यासाठी थांबताना बाबागाडीचा ब्रेक लावावा.

डव्हडेलचे नदीतले पायदगड सगळ्यांनाच पाहायचे असतात. गाडीतळ स्टॅफर्डशायरमध्ये, दगड ओलांडले की डार्बीशायर. दगडांपर्यंतची वाट ठीक. पुढे पायऱ्या आणि बुटांनी घासून गुळगुळीत झालेली चुनखडी, जी ओली असली की भल्याभल्यांना बसवते. पाणी चढलं की दगड दिसतही नाहीत. काका-काकूंसाठी दगड हेच शेवटचं स्टेशन.

राहिला मेहुणा. त्याला मॅम टॉर ५१७ मीटर आणि किंडर स्काउट ६३६ मीटर हे आकडे सांगितले की तो कळसूबाईच्या १६४६ वर जातो. जाऊ द्यावा. किंडरला टोक नाही, माथ्यावर सपाट पसरलेली काळी दलदल आहे. धुक्यात तिथं होकायंत्राशिवाय फिरणारे बराच वेळ गोल गोल फिरतात. त्यामुळे त्याला एकट्याला न सोडता कुणाच्या तरी गळ्यात बांधून मॅम टॉरच्या दगडी पायऱ्यांवर आणि पुढच्या धारेवर पाठवावं. वेळेचा हिशेब स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा, १८९२ पासून चालत आलेला: तीन मैलांना एक तास, दर २००० फूट चढाईला आणखी एक. आठ मैल आणि १५०० फूट म्हणजे ३ तास २५ मिनिटं. यात फोटो, फाटकं आणि मेहुण्याची भाषणं धरलेली नाहीत, दीडपट करा. दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा भेटायची जागा आणि वेळ निघतानाच ठरवा, आणि ती वेळ चारच्या आतली ठेवा. खेड्यातली चहाची दुकानं त्यानंतर खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवायला लागतात, आणि काकांना स्कोनबरोबर जॅमच्या दोन वाट्या हव्या असतात.