ताईंच्या हातात काय द्यायचं?

आमच्या वाड्यावरच्या मंडळाने शशिकलाताई काकोडकरांचा पुतळा उभारायचं ठरवलं आणि मला सेक्रेटरी केलं. कारण काय तर माझं अक्षर चांगलं आहे, आणि कमिटीत एक तरी लेडीज पाहिजे ना. बाकी दहाही पुरुष. मीटिंगा आमच्याच घरी, म्हणजे चहाचा प्रश्न आपोआप सुटला.

पुतळ्याला माझी ना नव्हती हां. 1973 च्या ऑगस्टात गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि 38 वर्षांची त्यांची मुलगी गोवा, दमण आणि दीवची मुख्यमंत्री झाली, 1979 च्या एप्रिलपर्यंत राहिली, आणि त्यानंतर आजतागायत गोव्यात दुसरी बाई काही त्या खुर्चीवर बसलेली नाही. एवढं पुरे की!

सगळ्यांना पुतळा तिठ्यावरच हवा होता. पंचायतीत विचारायला गेलो तर क्लार्क म्हणाला, रस्त्यात आणि फुटपाथवर पुतळ्यांना परवानगी देऊ नका असं सुप्रीम कोर्टाने 2013 मध्येच राज्यांना बजावलंय, तुम्ही पेपर वाचत नाही का? वाचतो ना, पण मरणाच्या जाहिराती आधी.

तरी निदान रेट तरी काढू म्हणून एका मूर्तिकाराकडे गेलो. शेडमध्ये ओळीने बिनडोक्याची धडं उभी होती, निम्म्यांचं बोट पुढे. तो म्हणाला, "मॅडम, लेडीज बॉडी रेडी आहे, साडीवाली, फक्त डोकं ऑर्डरप्रमाणे." मी म्हटलं अहो पण त्या तशा दिसायला नकोत का, तर म्हणे खालून बघणाऱ्याला हनुवटी आणि निऱ्याच दिसतात. मग त्याने आधी मातीचं मॉडेल, मग साचा, मग मेण, मग ब्राँझ ओतणं असं सगळं समजावलं आणि शेवटी आकडा सांगितला. खजिनदार म्हणाले फायबरचा कितीला पडेल? तेही ऐकलं आणि म्हणाले, भिंत रंगवली तर?

तर भिंत. प्राथमिक शाळेची. मला ते बरंच वाटलं, कारण 1990 मध्ये ताई शिक्षणमंत्री असताना प्राथमिकला सरकारी अनुदान फक्त मराठी-कोकणी शाळांना असं ठरलं होतं. कमिटीतल्या सगळ्यांची नातवंडं इंग्लिश मीडियमला आहेत त्यामुळे हा विषय कोणी वाढवला नाही.

पेंटर पोरगा हुशार. पहिल्या स्केचमध्ये ताई एकट्या, समोर बघताहेत, बोट पुढे. लगेच सुरू: बाईमाणसाने बोट दाखवलेलं बरं दिसत नाही, हातात दिवा द्या. दुसरा म्हणाला बाळ द्या. मी विचारलं कोणाचं? कोणी उत्तर दिलं नाही. मग भाऊसाहेब पाठीमागे पाहिजेतच असं निघालं, ते आले, मग जरा मोठे करा, मग अजून जरा, मग एकाला भाऊसाहेबांच्या पक्षाचं चिन्ह, सिंह, आठवलं, त्यावर दुसऱ्या पार्टीवाल्याने हरकत घेतली, मग तोडगा म्हणून सिंहाच्या जागी गवा आला, राज्यप्राणी, त्याला कोण नाही म्हणणार! चौथ्या स्केचपर्यंत ताई माड आणि गव्याचं शिंग यांच्या मधे पासपोर्ट साइझ झाल्या होत्या. हातात दिवा.

तेवढ्यात आमची आते चहाचे कप उचलायला आली. ऐंशीच्या पुढची आहे, चष्मा कपाळावर करून कागद डोळ्यांशी नेला आणि म्हणाली, "यात ताई खंय?"

दाखवली.

"दिवा कित्याक? लायट गेली होती?" मग खालीच बसली आणि जी सुरू झाली ती अर्धा तास. हे घर भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत होतं, आजोबा मुंडकार, म्हणजे त्याच्या जागेत घर करून राहणारे, उद्या निघा म्हटलं असतं तर भांडीकुंडी घेऊन निघावं लागलं असतं, आणि 1975 मध्ये ताईंच्या सरकारने मुंडकारांना घरातून काढता येणार नाही असा कायदा केला म्हणून तुम्ही दहा जण आज इथे बसून फुकटचा चहा पिताय. "तिच्या हातात कागद दे रे," पेंटरला म्हणाली. त्याने तिथल्या तिथे दिवा खोडला.

कागद पास झाला. भाऊसाहेब मागच्या भिंतीवर फोटोफ्रेममध्ये गेले, गवा मात्र राहिला कारण पेंटरला तो फारच छान जमला होता. रंगाचे पैसे देणाऱ्या दुकानदाराची एकच इच्छा होती, ताईंच्या हातातल्या कागदावर 'सौजन्य' म्हणून दुकानाचं नाव. त्याला खाली कोपऱ्यात बसवायला मला तीन मीटिंगा आणि दोन किलो साखर लागली.

परवा शाळेवरून येत होते. पोरांनी गव्याच्या बाजूला कोळशाने स्टंप काढलेत. हातात कागद आहे म्हणून ताईंना स्कोअरर केलंय. गव्याला बॉल लागला की चार, ताईंना लागला तर आऊट.