‘शिर्डीला जाऊन आलो, साडेसतराच दिले’: प्रतापनगरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि रागाची आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. मागच्या लेखात मी टोयोटा हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटर, जी थोडा वेळ एकटीही गाडी चालवते) नागपूर शहरात कशी वागते ते लिहिलं होतं. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काका मेव्हण्यांची हायब्रिड घेऊन समृद्धीने शिर्डीला गेले, क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) १२० वर लावला, अ‍ॅव्हरेज साडेसतरा मिळालं. जाहिरातीत अठ्ठावीस. म्हणून हायब्रिड म्हणजे फसवणूक, साध्या पेट्रोल गाडीपेक्षा जास्तीचे मोजलेले अडीच लाख पाण्यात, त्यापेक्षा सीएनजी बरा, आणि नागपूरच्या उन्हात ती बॅटरी तशीही टिकायची नाही. शेवटी एक टोमणा: "छोटी गाडी म्हणता, पण सव्वाचार मीटरच्या वरची गाडी छोटी कुठून झाली?"

शिर्डीपासूनच सुरू करतो, कारण बाकी सगळा राग तिथूनच आलेला दिसतो.

हायब्रिड पैसे वाचवते ती गाडी थांबताना आणि थांबलेली असताना. समृद्धीवर तुम्ही थांबलात किती वेळा? टोल, एखादा चहा. बाकी सगळा वेळ इंजिन एका सुरात चालू. १२० च्या वेगात हवेचा अडथळा ८० च्या तुलनेत सव्वादोन पट होतो, आणि त्या अडथळ्यात गेलेली ऊर्जा कोणतीही मोटर परत आणून देत नाही. तिथे बॅटरी नुसती सामानासारखी सोबत जाते. एसी लावून, १२० वर, भरल्या गाडीत साडेसतरा मिळाले असतील तर मी म्हणेन मेव्हण्यांची गाडी ठणठणीत आहे. आणि तो २७.९७ चा आकडा प्रयोगशाळेतला: गाडी रोलरवर, एसी बंद, वेग ९० च्या वर कधीच नाही. कोणत्याच गाडीचा तो आकडा रस्त्यावर धरून चालू नये, हायब्रिडचा तर मुळीच नाही, कारण तिची कमाई रस्त्याप्रमाणे फार बदलते.

आता तीच गाडी तुमच्या प्रतापनगरमधून बर्डीमार्गे महालात न्या, संध्याकाळी सहानंतर. साधं गणित आहे. माणसं धरून चौदाशे किलोची गाडी ४० च्या वेगाने चालली आहे आणि पुढे सिग्नल लाल झाला. तिच्यात त्या क्षणी साधारण २४ वॅट-तास ऊर्जा असते. साध्या गाडीत ती सगळी ब्रेकमध्ये तापून हवेत जाते. हायब्रिडमध्ये मोटर जनित्र बनून त्यातला बराच भाग बॅटरीत भरते. २४ वॅट-तास ऐकायला फुसकं वाटतं, पण या गाडीची अख्खी बॅटरीच ०.७६ युनिटची आहे, आपल्या वीजबिलातलं युनिट धरलं तर जेमतेम पाऊण. म्हणजे एका ब्रेकमध्ये बॅटरीच्या तिसाव्या हिश्श्याएवढी ऊर्जा दारात येऊन उभी राहते. महालापर्यंत असे किती सिग्नल आणि किती आडवे आलेले ऑटो, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

दुसरी बचत उभं राहण्याची. लहान पेट्रोल इंजिन नुसतं उभ्या उभ्या तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितं, एसी चालू असेल तर लिटरभर. व्हेरायटी चौकात दीड मिनिट उभे राहिलात तर २५ मिलिलिटर पेट्रोल एक इंचही न सरकता गेलं.

इथे नागपूरची खरी गोम आहे आणि ती मागच्या लेखात थोडक्यात आटोपली होती. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदवले गेलेत. दरवर्षी तेवढे नसले तरी ४४-४५ तर ठरलेलेच. स्ट्राँग हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद पडलं तरी थंड हवा चालू राहते. पण अशा उन्हात एसी दोन किलोवॅटच्या घरात वीज ओढतो. पाऊण युनिटच्या बॅटरीतला मधलाच पट्टा गाडी वापरते, पूर्ण रिकामी कधी होऊ देत नाही. हिशेब केला तर नुसता एसी आठ-दहा मिनिटं चालेल, त्यातच गाडीही हलवायची असते. मे महिन्यात दुपारी बर्डीत उभे राहा आणि डॅशबोर्डवरचं ऊर्जेचं चित्र बघत राहा. बॅटरीचा एक कप्पा विझतो, दुसरा विझतो, मग गाडी जागेवरच असताना इंजिन घुरघुरत सुरू होतं आणि चित्रातला बाण इंजिनकडून बॅटरीकडे वळतो. मेव्हण्यांनी हे पाहिलं तर त्यांना वाटेल काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नाही, पण बचत मात्र तेवढी कमी झाली.

आणखी एक गंमत. गेल्या काही उन्हाळ्यांत वाहतूक पोलीस दुपारचे बरेच सिग्नल बंद ठेवतात, दुचाकीवाल्यांसाठी काही चौकांत हिरवी जाळीही टाकतात. म्हणजे एसीचा भार जेव्हा सर्वांत जास्त, नेमकी तेव्हाच थांबण्याची कमाई कमी. मे महिन्यातल्या दुपारचं अ‍ॅव्हरेज आणि दिवाळीनंतरच्या संध्याकाळचं अ‍ॅव्हरेज एकाच गाडीचं असूनही सारखं येणार नाही, आणि दोन्ही खरे असतील.

तरी हे माइल्ड हायब्रिडपेक्षा पुष्कळ बरं, म्हणजे जिच्यात मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटी गाडी चालवत नाही. त्यात एसी पट्ट्यावर, इंजिनालाच बांधलेला. सिग्नलवर इंजिन बंद झालं की कॉम्प्रेसरही बंद, अर्ध्या मिनिटात केबिन तापते. मग माणूस काय करतो? इंजिन आपोआप बंद होण्याची सोयच बटण दाबून बंद ठेवतो आणि ‘हायब्रिड’ ही अक्षरं फक्त डिकीवर उरतात. शोरूममध्ये दोन्हींना हायब्रिडच म्हणतात, म्हणून विचारताना एकच प्रश्न विचारावा: गाडी नुसत्या मोटरवर चालते का?

पैशांबाबत तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. समजा वर्षाला १०,००० किलोमीटर, सगळे शहरात. साधी पेट्रोल १३ देते, हायब्रिड २१ देते असं धरू. वाचलं साधारण २९० लिटर, म्हणजे १०४ रुपयांनी तीस हजार. अडीच लाख फिटायला आठ वर्षं जातील. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदा गोकुळपेठ मार्केटला जाणाऱ्याने हा हिशेब करूच नये. शिवाय इतक्या कमी अंतरात इंजिन गरम होईपर्यंत घर येतं, त्यामुळे २१ सुद्धा मिळणार नाहीत. पण ज्यांचं वर्षाला वीस हजाराच्या वर शहरातच फिरणं होतं, त्यांना तोच फरक चार वर्षांत भरून निघतो. घरी स्वतःचं पार्किंग आणि चार्जिंगची सोय असेल तर मी त्यांनाही आधी ईव्हीच बघून यायला सांगेन.

सीएनजीचं म्हणाल तर नागपूरकराने ते इतक्या सहज म्हणू नये. २०२२ मध्ये आपल्याकडे सीएनजी किलोला १२० रुपयांपर्यंत गेला होता, पेट्रोलच्या भावाला भिडला होता, कारण इथे पाइपलाइनचा गॅस नव्हता, द्रवरूपातला गॅस टँकरने येत होता. नंतर भाव खाली आले, ठीक. पण डिकीत सिलिंडर घेऊन पंपावर रांगेत उभं राहायची ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठीच तो पर्याय आहे. हायब्रिडचीही डिकी बॅटरीमुळे लहान होते, हे मात्र कबूल.

‘छोटी’ वरचा टोमणा योग्यच आहे. चार मीटरच्या आतली स्ट्राँग हायब्रिड लोकांना हवी आहे, पण आपल्या करात तिला फारशी जागा नाही. सप्टेंबर २०२५ नंतर चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीच्या आत असलेल्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी, त्यावरच्यांना ४० टक्के, मग ती हायब्रिड असो की नसो. ईव्हीला ५. जपानमध्ये टोयोटाची अ‍ॅक्वा २०११ पासून आहे, पहिली पिढी तर ३,९९५ मिलिमीटरची, म्हणजे लांबीने अगदी आपल्या मापाची. पण इंजिन दीड लिटरचं. इथे आणली तर लांबी पास, इंजिन नापास, आणि कर मोठ्या गाडीचा. मग छोटी हायब्रिड स्वस्त येणार कुठून?

राहिली बॅटरी. हायब्रिडची मोठी बॅटरी आणि उन्हाचं वैर आहेच, पण तिच्यावर कंपनी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देते. बऱ्याच हायब्रिडमध्ये ती केबिनमधल्याच हवेने गार होते आणि हवा घेण्याची जाळी मागच्या सीटजवळ असते. लोक तिच्यावर बॅगा, पिशव्या, पोट्ट्यांचे दप्तर टेकवून ठेवतात, धुळीने ती बुजून जाते, आणि मग दोष उन्हाला. "अमक्याची हायब्रिड उन्हात गेली" असे जे किस्से ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याचशा गाड्यांत गेलेली असते ती १२ व्होल्टची साधी बॅटरी, जी बहुतेक हायब्रिडमध्ये वेगळी असते आणि जिला विदर्भाचं ऊन तीन-चार वर्षांत खातंच, तुमच्या जुन्या गाडीतही खायचं. ती गेली की गाडी ‘ऑन’च होत नाही, मग घाबरगुंडी उडते. बदलायला काही हजार लागतात.

तेव्हा मेव्हण्यांना एवढंच सांगा: ती जाळी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या, आणि पुढचं अ‍ॅव्हरेज टाकी ते टाकी मोजा, शहरातलं शहरात. मोजलेला आकडा इथे टाका, पंधरा आला तरी छापतो.