वाचा गेली म्हणजे समज गेली असे नव्हे

पक्षाघातानंतर मालवणच्या आमच्या मावशीची वाचा गेली आणि महिन्याभरात घरच्यांनी तिच्याशी बोलणेही सोडले, कारण एक संदेश फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचला. त्यात म्हटले आहे की भाषेचे केंद्र मेंदूच्या डाव्या भागात एकाच जागी असते. ते निकामी झाले की रुग्णाला बोललेले काहीच कळत नाही, तेव्हा बोलून त्याचा मेंदू शिणवू नये. शब्दांतून तसाही ७ टक्केच अर्थ पोचतो, म्हणून हात हाती घेतला की पुरे.

यातील दुसरा मुद्दा निव्वळ घातक आहे, आणि तो १८६१ सालीच खोटा ठरला आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातील एक रुग्ण प्रत्येक प्रश्नाला ‘तां, तां’ एवढेच उत्तर देत असे. येथे किती वर्षे आहात, असे फ्रेंच शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी विचारताच त्याने पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवले. एकवीस वर्षे, हे उत्तर अचूक होते. तोंडून धड शब्द न निघणाऱ्या त्या माणसाने प्रश्न ऐकला होता, त्याचा अर्थ लावला होता आणि हिशेबही केला होता.

गेल्या आठवड्यात मी मावशीच्या उशाशी बसून ‘चायेत तिरफळां घालू?’ असे मुद्दाम विचारले, तेव्हा तिने कपाळाला आठ्या घालून डावा हात जोराने हलवला. बांगड्याच्या कढीतली तिरफळे चहात शोभत नाहीत, हे तिला तत्क्षणी कळले होते. वाक्यात न बसणारा शब्द आला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत्‌लहरींत वेगळा चढउतार उमटतो, हे कुटास आणि हिलयार्ड या संशोधकांनी १९८० साली वाचकांवर दाखवले. पुढे तो ऐकलेल्या वाक्यांतही आढळला.

बहुतेकांची भाषा मुख्यतः डाव्या बाजूस असते, एवढे मान्य करावे लागेल. काही रुग्णांची समजही खरोखर खालावते, हे जर्मन वैद्य वेर्निके यांनी १८७४ साली मांडले. परंतु कोणाची किती खालावली हे तपासून ठरवायचे असते, संदेश वाचून नव्हे. अर्थ लावण्याचे काम तर मेंदूत दूरवर पसरलेले असते आणि त्यात उजव्या बाजूचाही वाटा असतो.

त्या ७ टक्क्यांविषयी इतकेच, की तो आकडा ज्यांतून आला ते मानसशास्त्रज्ञ मेहरॅबियन यांचे १९६७ चे प्रयोग भावना व्यक्त करण्यापुरते होते. औषध घेतले का, या प्रश्नाला ते लागू नाहीत.

मावशीशी बोलताना दूरदर्शन संच बंद करावा, एका वेळी एकच छोटे वाक्य बोलावे, होय-नाही असे उत्तर देता येईल असे विचारावे आणि तिच्या उत्तरासाठी थांबावे. घरच्यांनी हे आजच सुरू करावे आणि तो संदेश पुढे पाठवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.