एका जनुकाने गोचिडीची जात ठरत नाही

पशुवैद्यकांच्या आणि श्वानपालकांच्या गटांमधून सध्या एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा गोषवारा असा: गोचिडीचा एक पाय तोडा, डीएनए काढा, एक जनुक वाचा, संगणकावर जुळवा. ९९ टक्के जुळलं की जात पक्की. सूक्ष्मदर्शकाची गरज संपली. जनुकातल्या अक्षरांचा क्रम वेगळा निघाला तर ती नवी जात समजा. आणि शेवटी पुस्ती जोडलेली, की इतकी बारीक ओळख पटवून करायचं काय, औषध तर तेच.

मी जनुकीय खुणांच्या बाजूचा माणूस आहे. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी किंवा खसखशीएवढं पिल्लू समोर आलं की अनुभवी माणूसही भिंगाखाली चाचपडतो. तोंडाचा भाग जनावराच्या कातडीतच तुटून राहिला असेल तर आणखीच. तिथे डीएनए खरोखर तारतो. म्हणूनच त्याच्या नावावर असं काही खपवलेलं मला सहन होत नाही.

‘९९ टक्के जुळलं की जात पक्की.’ पण जुळलं कशाशी? जेनबँक या जनुकक्रमांच्या सार्वजनिक संग्रहातल्या नोंदीवर जातीचं नाव लिहितो तो नोंद पाठवणारा, आणि ते चुकलेलं किंवा जुनं झालेलं असू शकतं. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घ्या. लात्रेय या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०६ मध्ये तिचं वर्णन केलं, पुढे ती रिपिसेफॅलस सँग्विनियस म्हणून जगभर ओळखली गेली. मूळ नमुना मात्र हरवला, त्यामुळे हे नाव नेमकं कोणत्या गोचिडीचं हे ठामपणे सांगायला आधारच उरला नाही. मायटोकॉन्ड्रियातली, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातली, जनुकं वाचल्यावर दिसलं की या एका नावाखाली निदान दोन गट आहेत, एक उष्ण प्रदेशातला, दुसरा समशीतोष्ण. प्रयोगशाळेत त्यांचा संकर घडवला तर संतती वांझ. अखेर २०१८ मध्ये फ्रान्समधला एक नमुना नवा आधार म्हणून ठरला आणि सँग्विनियस हे नाव समशीतोष्ण गटाकडे गेलं. उष्ण गटासाठी २०२१ मध्ये रिपिसेफॅलस लिनेई हे १८२६ चं जुनं नाव पुन्हा वापरात आलं. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांवर सापडते ती या उष्ण गटातली. पण त्याआधीच्या नोंदींवर सँग्विनियसच लिहिलेलं आहे. म्हणजे संगणक शंभर टक्के जुळवून दाखवेल आणि नाव तरीही चुकलेलं असेल.

‘एक जनुक पुरे.’ कोणतं? गुरांवरच्या मायक्रोप्लस आणि अ‍ॅन्युलेटस या जवळच्या जाती आयटीएस-२ या पेशीकेंद्रकातल्या डीएनएच्या खुणेवरून खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत. मायटोकॉन्ड्रियातलं कॉक्स-१ हे जनुक तिथे बरंच चांगलं काम करतं. पण मायटोकॉन्ड्रिया येतो फक्त आईकडून. पश्चिम सायबेरियात इक्सोडीस परसल्केटस आणि पाव्हलोव्स्की या गोचिडीच्या दोन जातींचे संकर निसर्गातच सापडले आहेत. अशा संकराचं एकटं कॉक्स-१ वाचलं तर आईची जात कळेल, बापाचा पत्ता लागणार नाही. म्हणून एक खूण मायटोकॉन्ड्रियातली आणि एक केंद्रकातली, असं दोन्ही पाहावं लागतं.

‘क्रम वेगळा, म्हणजे नवी जात’ हेही घाईचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या गोचिडीला २०१२ मध्ये ऑस्ट्रेलिस हे वेगळं नाव परत मिळालं, ते नुसत्या जनुकांच्या जोरावर नव्हे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकर-प्रयोगांत अर्जेंटिना आणि मोझांबिकच्या गोचिडींची आपसातली संतती प्रजननक्षम निघाली, ऑस्ट्रेलियाच्या गोचिडींशी झालेला संकर मात्र वांझ. शरीररचनेतले फरकही तपासले गेले. उलट मायक्रोप्लसच्या नावाखाली आज अ, ब आणि क अशी तीन कुळं (जनुकांवरून वेगळे दिसणारे गट) नांदताहेत. त्यातलं उत्तर भारत आणि दक्षिण चीनमधलं ‘ब’ कूळ तर ‘अ’पेक्षा अ‍ॅन्युलेटसला जवळचं. इतका फरक दिसूनही वेगळं नाव द्यायला अभ्यासक थांबलेत, आणि माझ्या मते योग्यच करताहेत.

राहिली ती ‘औषध तर तेच’ ही पुस्ती. दक्षिण अमेरिकेतल्या प्रयोगांत कुत्र्यांच्या एर्लिकिया कॅनिस या जंतूचा प्रसार तपकिरी गोचिडीच्या उष्ण गटाने केला, समशीतोष्ण गटाला तो जमला नाही. बाधा कुठे होणार हे जातीवर ठरत असेल तर ‘करायचं काय’ असं कसं म्हणायचं? सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात तर हा प्रश्न माणसांचाच आहे. तिथल्या माकडतापाचा मुख्य वाहक हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा, आणि तिची अर्धवाढ झालेली पिल्लं इतर हिमॅफायसॅलिस गोचिडींच्या पिल्लांत मिसळून जातात.

तेव्हा पाय जरूर तोडा. पण आधी दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, आणि उरलेली गोचीड फेकू नका. इथेनॉलच्या कुपीत ठेवा, चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि कोणत्या जनावरावर सापडली ते लिहा. उद्या नाव बदललं तर ती कुपी उघडून पुन्हा पाहता येईल.